लिनक्सवर नेट चालत नसेल तेव्हा : केबलपासून संकेतस्थळाच्या नावापर्यंत बिघाडाचा माग

‘नेट चालत नाही’ ही तक्रार एकच असली, तरी तिच्या पोटात निदान पाच निरनिराळे बिघाड दडलेले असू शकतात. केबल पोर्टमध्ये नीट बसलेली नसते. केबल बसलेली असते, पण नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, चढलेला नसतो. ड्रायव्हर चढलेला असतो, पण राउटरने संगणकाला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा आकडी पत्ता, दिलेला नसतो. पत्ता मिळालेला असतो, पण घराबाहेर जाणारी वाट बंद असते. आणि वाटही मोकळी असते, पण संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधण्याचे काम अडलेले असते. या पाचही प्रसंगी ब्राउझर जवळपास सारखेच कोरे पान दाखवतो. त्यामुळे कुठेतरी वाचलेला पहिला उपाय, म्हणजे बहुधा डीएनएस (नावावरून आकडी पत्ता सांगणारी सेवा) बदलणे, करून पाहण्याचा मोह होतो. आणि केबलच सुटलेली असेल तर डीएनएस दहा वेळा बदलूनही काही होत नाही, उलट पुढे केबल जोडल्यावर नवाच घोळ निस्तरावा लागतो. म्हणून बिघाड नेमका कोणत्या पायरीवर आहे हे कळेपर्यंत एकही सेटिंग बदलू नये, पायऱ्या खालून वर तपासाव्यात, आणि बदल करण्याची वेळ आलीच तर एका वेळी एकच करावा. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

येथे कमांड उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड देण्याच्या खिडकीत, त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत टाइप कराव्यात; जेथे मोठे अक्षर लागते तेथे तसे सांगितले आहे. शब्द जोडून लिहिला असेल तर जोडूनच टाइप करावा आणि जागा सोडली असेल तेथे जागा सोडावी. उबुंटू, मिंट, डेबियन आणि फेडोरा यांच्या डेस्कटॉप आवृत्त्या डोळ्यांसमोर आहेत. या सर्वांत नेटवर्कचा कारभार सहसा ‘नेटवर्कमॅनेजर’ पाहतो.

आधी बिघाड घरात कोठे आहे ते ठरवावे

लिनक्सला हात लावण्यापूर्वी मोबाइल घ्यावा, त्याचा डेटा बंद करावा आणि घरच्या वायफायवरून एखादे पान उघडून पाहावे. मोबाइलवरही पान उघडत नसेल, तर लॅपटॉप निर्दोष आहे. अशा वेळी भिंतीवरच्या फायबरच्या डबीकडे, म्हणजे ओएनटीकडे, पाहावे. ‘एलओएस’ या अक्षरांखालचा दिवा लाल असेल, तर प्रकाशाचा संकेतच घरापर्यंत पोहोचत नाही. फायबर कोठेतरी तुटली, दुमडली किंवा उंदराने कुरतडली आहे, आणि केबलवाल्याला बोलावण्यावाचून दुसरा इलाज नाही. ‘पॉन’चा दिवा स्थिर हिरवा असूनही काहीच उघडत नसेल, तर महिन्याचा पॅक संपला आहे का ते पाहावे. पॅक संपल्यावर काही ठिकाणी प्रत्येक पानाऐवजी पैसे भरण्याचे पान उघडते, पण सुरक्षित दुव्यांवर ते पान उघडू शकत नाही आणि नुसतीच चूक दिसते. त्यामुळे हे कारण वाटते त्यापेक्षा अधिक वेळा नजरेतून सुटते. मोबाइलवर सारे सुरळीत असेल, तरच पुढे वाचावे.

संगणकाला कार्ड दिसते का, तार दिसते का

टर्मिनल उघडून ‘आयपी -बीआर ए’ ही कमांड द्यावी. ‘बीआर’ म्हणजे थोडक्यात, आणि ‘ए’ म्हणजे पत्ते. दोन-चार ओळी येतात. ‘एलओ’ ही ओळ संगणकाची स्वतःशीच असलेली जोडणी आहे. तिच्याकडे दुर्लक्ष करावे. ‘ईएन’ने सुरू होणारे नाव तारेच्या कार्डाचे आणि ‘डब्ल्यूएल’ने सुरू होणारे नाव वायफायच्या कार्डाचे असते. पूर्वी ही नावे ‘ईथ०’ आणि ‘डब्ल्यूलॅन०’ अशी सुटसुटीत होती. परंतु एकाहून अधिक कार्डे असली की कोणते आधी सापडेल यावर क्रमांक ठरत असे आणि तो संगणक सुरू होताना बदलू शके. म्हणून २०१३ पासून सिस्टमडी या लिनक्समधील सेवा चालवणाऱ्या प्रणालीने कार्डाच्या जागेवरून नाव देण्याची पद्धत आणली. ‘ईएनपी३एस०’ याचा अर्थ तिसऱ्या पीसीआय बसवरील शून्याव्या खाचेतील इथरनेट कार्ड. नाव क्लिष्ट दिसते, पण ते स्थिर राहते, आणि पुढच्या सर्व कमांडमध्ये आपल्याला तेच लागणार आहे. ते कागदावर लिहून ठेवावे.

यादीत कार्डाची ओळच नसेल, तर प्रश्न ड्रायव्हरचा आहे आणि तो वायफायच्या भागात घेतला आहे. ओळ असेल आणि पुढे ‘डाउन’ लिहिलेले असेल, तर ‘आयपी लिंक’ ही कमांड देऊन टोकदार कंसातील शब्द नीट वाचावेत. येथे पुष्कळांची गफलत होते, कारण त्याच ओळीत कंसामध्ये ‘अप’ आणि कंसाबाहेर ‘स्टेट डाउन’ असे परस्परविरोधी वाटणारे शब्द एकत्र दिसतात. कंसातील ‘अप’ म्हणजे कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) कार्ड चालू केले आहे, एवढेच. पलीकडून विजेचा संकेत येतो आहे की नाही हे ‘लोअर_अप’ सांगतो. त्याच्या जागी ‘नो-कॅरिअर’ असेल, तर संगणकाच्या दृष्टीने तार जोडलेलीच नाही; मग ती डोळ्यांना जोडलेली दिसो वा न दिसो.

तारेची जोडणी

‘नो-कॅरिअर’ दिसल्यास क्रम सोपा आहे. केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत बसवावी. प्लगची प्लास्टिकची जीभ तुटली असेल तर तो पोर्टमध्ये बसल्यासारखा दिसतो आणि हळूच मागे सरकतो. मग राउटरचे दुसरे पोर्ट आणि शेवटी दुसरी केबल वापरून पाहावी. राउटरवर ‘वॅन’ असे लिहिलेले, बहुधा वेगळ्या रंगाचे पोर्ट बाहेरून येणाऱ्या जोडणीसाठी असते. संगणकाची केबल तेथे लावल्यास दिवा लागतो, पण पत्ता मिळत नाही.

तार दिसते, पण वेग रखडतो, ही तक्रार अधिक रंजक आहे. येथे ‘सुडो ईथटूल ईएनपी३एस०’ ही कमांड कामी येते. ‘सुडो’ म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, आणि ‘ईएनपी३एस०’च्या जागी आपल्या कार्डाचे नाव घालावे. ईथटूल नसेल तर ते त्याच नावाच्या पॅकेजमधून बसवावे. उत्तराच्या शेवटी ‘लिंक डिटेक्टेड : येस’ असे आणि मध्ये ‘स्पीड’च्या पुढे आकडा असतो. गिगाबिट राउटर आणि गिगाबिट कार्ड असताना तेथे १००० दिसायला हवेत. १०० दिसत असतील, तर संशय केबलवर घ्यावा. इथरनेट केबलमध्ये आठ तारा चार जोड्यांत पिळलेल्या असतात. १०० मेगाबिटला त्यांपैकी १, २, ३ आणि ६ या पिनांवरच्या दोनच जोड्या पुरतात. गिगाबिटला मात्र चारही लागतात. उरलेल्या चार तारांपैकी एक जरी तुटली, तरी जोडणी बंद न पडता निमूटपणे १०० वर येऊ शकते, आणि घरातले लोक कंपनीच्या नावाने बोटे मोडत राहतात.

माझ्याकडे नेमके हेच घडले होते. दोनशे मेगाबिटचा प्लॅन असताना वेगमापनात नव्वदच्या वर आकडा जात नव्हता. मी आठवडाभर वेगवेगळी संकेतस्थळे बदलून वेग मोजला आणि एकदा तक्रारही नोंदवली. शेवटी ईथटूलने १०० चा आकडा दाखवला. केबल बेडरूमच्या दाराखालून नेली होती, आणि दार रोज तिच्यावरून घासत होते. दीडशे रुपयांच्या नव्या केबलने काम झाले. नव्वदच्या आसपास अडकलेला वेग ही या बिघाडाची खूणच समजावी, कारण १०० मेगाबिटच्या जोडणीतून प्रत्यक्ष उपयोगाचा वेग साधारण ९४ पर्यंतच मिळतो. एक केबल १०० मीटरपेक्षा लांब असू नये, ही मर्यादा बहुतेक घरांत कधी आडवी येत नाही.

डेबियनमध्ये आणखी एक खास गोष्ट आढळते. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ ही कमांड दिल्यावर कार्डापुढे ‘अनमॅनेज्ड’ असे दिसते आणि पटलावरील चिन्हातून काहीही करता येत नाही. हा बिघाड नव्हे. इंस्टॉल करताना त्या कार्डाची नोंद ‘/ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस’ या फाइलमध्ये झालेली असते, आणि तेथे नोंद असलेल्या कार्डाला नेटवर्कमॅनेजर हात लावत नाही. फाइलमधील त्या कार्डाच्या ओळींपुढे ‘#’ हे चिन्ह घालून, ‘एलओ’च्या ओळी मात्र तशाच ठेवून, संगणक पुन्हा सुरू करावा.

पत्ता, वाट आणि नाव

येथून पुढे तार आणि वायफाय यांत फरक नाही. पुन्हा ‘आयपी -बीआर ए’ पाहावे. कार्डाच्या ओळीत १९२.१६८ ने सुरू होणारा, क्वचित १० ने सुरू होणारा पत्ता असेल, तर राउटरने पत्ता दिला आहे. केवळ ‘एफई८०’ ने सुरू होणारा लांबलचक पत्ता असेल, तर तो संगणकाने स्वतःच घेतलेला आहे आणि त्यावरून बाहेर जाता येत नाही. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ताही याच जातीचा: पत्ता मागितला, उत्तर आले नाही, म्हणून स्वतःच एक घेतला. अशा वेळी ‘एनएमसीएलआय डिव्हाइस डिस्कनेक्ट’ आणि मग ‘एनएमसीएलआय डिव्हाइस कनेक्ट’, दोन्हींपुढे कार्डाचे नाव घालून, पत्ता पुन्हा मागावा. तरीही न मिळाल्यास राउटर बंद करून अर्धा मिनिट थांबावे आणि चालू करावा.

राउटर न वापरता केबलवाल्याची तार थेट लिनक्सच्या संगणकात घातली असेल, तर पत्ता न मिळण्याची दोन कारणे संभवतात. एक तर जोडणी पीपीपीओईची असून तिला वापरकर्तानाव आणि पासवर्ड लागतो. किंवा केबलवाल्याने जुन्या उपकरणाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) आपल्या यंत्रणेत बांधून ठेवला आहे आणि नव्या उपकरणाला तो दारातच अडवतो. दुसऱ्या प्रसंगी त्याला फोन करून नवा मॅक पत्ता नोंदवून घेणे हाच सरळ मार्ग.

पत्ता आहे असे दिसल्यावर ‘आयपी राउट’ ही कमांड द्यावी. ‘डिफॉल्ट व्हाया’ने सुरू होणारी ओळ म्हणजे घराबाहेर जाण्याची वाट, आणि त्यापुढचा पत्ता राउटरचा. ही ओळ नसेल तर संगणकाला घरातल्या उपकरणांखेरीज जग ठाऊकच नाही. अशी ओळ दोनदा असेल, म्हणजे तार आणि वायफाय दोन्ही जोडलेले असतील, तर शेवटचा ‘मेट्रिक’चा आकडा पाहावा, ज्याचा आकडा लहान, ती वाट वापरली जाते. नेटवर्कमॅनेजर तारेला १०० आणि वायफायला ६०० देतो, म्हणजे तार असली की तीच चालते. कधी तेथे २०१०० किंवा २०६०० असा आकडा दिसतो. नेटवर्कमॅनेजरने त्या वाटेने बाहेर पोहोचता येते का हे स्वतः तपासले, ते जमले नाही, आणि म्हणून दंड म्हणून २०००० वाढवले, असा त्याचा अर्थ. बिघाड राउटरच्या पलीकडे असल्याची ही आयती सूचना आहे.

आता तीन पिंग, म्हणजे समोरचा उत्तर देतो का ते पाहणाऱ्या हाका, द्यावेत, आणि ते याच क्रमाने. पहिला राउटरला: ‘पिंग -सी ४ १९२.१६८.१.१’, अर्थात तुमच्या राउटरचा जो पत्ता असेल तो घालून. ‘-सी ४’ घातले नाही तर लिनक्सवरील पिंग कंट्रोल आणि सी एकत्र दाबेपर्यंत थांबत नाही. दुसरा १.१.१.१ या बाहेरच्या पत्त्याला. तिसरा एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. पहिला अडला तर घोळ संगणक आणि राउटर यांच्यामध्ये आहे. पहिला चालून दुसरा अडला तर राउटरच्या पलीकडे. पहिले दोन चालून तिसरा अडला तर केवळ नावे शोधण्यात.

पिंगची चूक कशी लिहिली आहे, तीही वाचावी. ‘नेटवर्क इज अनरीचेबल’ म्हणजे तेथे जायची वाटच नोंदलेली नाही. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आणि त्याआधी आपल्याच संगणकाचा पत्ता, म्हणजे वाट आहे, पण शेजारच्या राउटरने हाकेला ओ दिली नाही. ‘टेंपररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन’ म्हणजे नाव सांगणारा सर्व्हर गाठता आला नाही. आणि ‘नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन’ म्हणजे सर्व्हर भेटला, पण त्या नावाचे कोणी नाही असे म्हणाला, तेव्हा आधी स्पेलिंग तपासावे. या चार वाक्यांतला फरक ओळखता आला, तर निम्मे काम झाले.

घोळ नावांचाच आहे असे ठरले, तर ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ या कमांडने कोणता डीएनएस सर्व्हर वापरात आहे ते पाहावे. ‘/ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ’ या फाइलमध्ये, जिच्या नावातील पहिल्या शब्दाच्या शेवटी ‘ई’ हे अक्षर नसते, १२७.०.०.५३ असा पत्ता दिसला म्हणून दचकू नये. उबुंटू आणि फेडोरा यांत सिस्टमडीची नावे शोधणारी सेवा त्या पत्त्यावर बसलेली असते आणि खरा सर्व्हर तिच्यामागे असतो. ही फाइल हाताने बदलण्याचा सल्ला जुन्या लेखांत सापडतो. परंतु फाइल आपोआप पुन्हा लिहिली जाते आणि आपला बदल नाहीसा होतो. त्यापेक्षा नेटवर्कच्या सेटिंगमध्ये त्या जोडणीच्या आयपीव्ही४ टॅबवर जावे, डीएनएसपुढील ‘ऑटोमॅटिक’ बंद करावे, १.१.१.१ किंवा ८.८.८.८ लिहावे आणि जोडणी एकदा तोडून पुन्हा जोडावी.

घरात दोन राउटर असतील, म्हणजे कंपनीचा एक आणि आतल्या खोलीसाठी आपण आणलेला दुसरा, आणि कधी नेट चालते, कधी चालत नाही असे होत असेल, तर दोघेही पत्ते वाटत आहेत का ते पाहावे. जोडणी दोन-तीन वेळा तोडून जोडल्यावर पत्ता एकदा १९२.१६८.१ चा आणि एकदा १९२.१६८.० चा मिळाला, की शंका फिटते. दुसऱ्या राउटरवरील डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याची सेवा, बंद करून त्याला नुसत्या विस्तारकाचे काम द्यावे.

वायफाय

खरा वेळ खाते ते वायफाय. सर्वात आधी ‘आरएफकिल लिस्ट’ ही कमांड द्यावी. एका कळीच्या चुकीच्या दाबण्याने किंवा विमान मोड चालू राहिल्याने कार्ड बंद पडलेले असते आणि आपण ड्रायव्हर शोधत बसतो. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड : येस’ असेल तर ‘सुडो आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ पुरेसे आहे. ‘हार्ड ब्लॉक्ड : येस’ असेल तर लॅपटॉपच्या कडेचे बटण, एफएन कळीसह दाबायची वायफायची कळ किंवा बायॉसमधील सेटिंग यांपैकी काहीतरी बंद आहे, ते कोणत्याही कमांडने उघडत नाही.

कार्ड यादीतच नसेल, तर ‘एलएसपीसीआय -एनएनके’ द्यावे आणि ‘नेटवर्क कंट्रोलर’ची ओळ शोधावी, यूएसबीचा डाँगल असेल तर ‘एलएसयूएसबी’. ‘एलएसपीसीआय’च्या ओळीच्या शेवटी चौकटी कंसात चार-चार अक्षरांची जोडी असते. तिचा पहिला भाग निर्माता सांगतो: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. मदत शोधताना लॅपटॉपच्या मॉडेलपेक्षा ही जोडी महत्त्वाची, कारण एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत निरनिराळी कार्डे असू शकतात. खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ असेल तर ड्रायव्हर चढला आहे; नसेल तर नाही.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ड्रायव्हर कर्नलमध्ये असतो. फर्मवेअर ही कार्डाच्या आत चढवायची निर्मात्याची फाइल असते आणि ती बहुधा मुक्त परवान्याची नसते. याच कारणाने डेबियनच्या अधिकृत इंस्टॉलरमध्ये ती वर्षानुवर्षे नसे, आणि वायफायवर अवलंबून असणाऱ्यांची पंचाईत होई. २०२२ मध्ये मतदानाने धोरण बदलले आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ती सोबत येते. फर्मवेअरची अवस्था पाहण्यासाठी ‘सुडो डीमेसेज’ या कमांडचे उत्तर वाचावे. ही कमांड रोमनमध्ये डी, एम, ई, एस, जी एवढ्याच पाच अक्षरांची आहे. इंटेलच्या कार्डांबाबत येथे एक फसवी गोष्ट दिसते: ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड’ अमुक फाइलसाठी ‘फेल्ड विथ एरर -२’ अशा एकामागून एक लाल ओळी. ड्रायव्हर नव्यात नवी आवृत्ती आधी मागतो, ती नसेल तर एक पायरी खाली उतरतो, आणि सापडेल ती चढवतो. वरच्या ओळी केवळ त्या उतरण्याच्या खुणा असतात. चिंता करावी ती शेवटी ‘नो सूटेबल फर्मवेअर फाउंड’ असे आले तरच. लॅपटॉप नुकताच बाजारात आलेला आणि लिनक्सची आवृत्ती दोन-तीन वर्षे जुनी असेल, तर नवा कर्नल आणि नवे फर्मवेअर पॅकेज हाच उपाय.

पण नेटच नसताना पॅकेज आणायचे कोठून? अँड्रॉइड मोबाइल यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडावा आणि हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. लिनक्स त्याला तारेचे कार्ड समजते आणि वेगळा ड्रायव्हर मागत नाही. बहुतेक मोबाइल वायफायला जोडलेले असले तर तेच वायफाय पुढे देतात, त्यामुळे डेटाही खर्ची पडत नाही.

ब्रॉडकॉमच्या आणि रिअलटेकच्या काही कार्डांना बाहेरचा ड्रायव्हर संगणकावरच बांधून घ्यावा लागतो. तो बांधला गेला, तरी सिक्युअर बूट (सही तपासूनच प्रोग्राम चढू देणारी सोय) चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही आणि ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असे सांगतो. उबुंटू अशा वेळी बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगते आणि पुढच्या वेळी संगणक सुरू होताना निळा पडदा येतो. तेथे ‘एनरोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. पडदा काही सेकंदच थांबतो. घाईने ‘कंटिन्यू बूट’ दाबले, की ड्रायव्हर बसूनही वायफाय नाही, अशी स्थिती होते.

स्वस्त यूएसबी डाँगलांची आणखी एक खोड आहे. विंडोजचा ड्रायव्हर सोबत देण्यासाठी त्यांपैकी काही आधी स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून सादर करतात, आणि लिनक्सला तेथे वायफाय दिसतच नाही. ‘यूएसबी-मोडस्विच’ हे पॅकेज त्यांचे रूप पालटते; किंवा ती दिसणारी सीडी फाइल व्यवस्थापकातून ‘इजेक्ट’ केली तरी पुष्कळदा भागते. आणि विंडोजसोबत लिनक्स वापरणाऱ्यांनी, काल चालणारे वायफाय आज विंडोजमधून आल्यावर गायब झाले असेल, तर विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. त्या सोयीमुळे विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपते आणि कार्ड कधीकधी आपल्याच ताब्यात धरून ठेवते.

कार्ड चालते, नेटवर्कची नावे दिसतात, पण जोडणी होत नाही, तेव्हा दुसऱ्या टर्मिनलमध्ये ‘जर्नलसीटीएल -एफ -यू नेटवर्कमॅनेजर’ चालू ठेवून जोडण्याचा प्रयत्न करावा. येथे नेटवर्कमॅनेजर या नावातील एन आणि एम ही अक्षरे मोठीच लिहावी लागतात. ‘सीक्रेट्स वेअर रिक्वायर्ड’ असे आले, किंवा कर्नलच्या नोंदीत कारण १५ देऊन ‘४वे_हँडशेक_टाइमआउट’ दिसला, तर पासवर्ड चुकला आहे, असेच बहुधा समजावे. साठवलेली जोडणी पुसून पासवर्ड नव्याने द्यावा. पासवर्ड निश्चित बरोबर असेल आणि कार्ड जुने असेल, तर राउटरवर डब्ल्यूपीए३ ही वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत चालू आहे का पाहावे आणि प्रयोगापुरते केवळ डब्ल्यूपीए२ ठेवावे. राउटरवर मॅक पत्त्यांची गाळणी लावली असेल, तर फेडोरा ४० पासून प्रत्येक वायफायसाठी निराळा मॅक पत्ता वापरला जातो हेही ध्यानात ठेवावे. नोंदवलेला खरा पत्ता राउटरला दिसतच नाही.

जोडणी होते, पण तुटते किंवा रांगते, ही शेवटची आणि सर्वात चिवट तक्रार. ‘आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूएलपी२एस० लिंक’ या कमांडने संकेताची ताकद कळते. आकडा उणे असतो. शून्याच्या जितका जवळ, तितका चांगला. राउटरशेजारी -३० ते -४० दिसतो, -६५ पर्यंत काम उत्तम चालते, -७५ च्या खाली व्हिडिओ अडखळतो आणि -८० च्या खाली जोडणी टिकण्याची आशा धरू नये. आरसीसीच्या दोन भिंती आणि मध्ये लोखंडी कपाट असले, की हा आकडा भराभर घसरतो. ते दुरुस्त करणारी कमांड नाही, राउटरची जागा बदलावी.

आकडा चांगला असूनही अडखळत असेल, तर राउटरला शंभर पिंग द्यावेत. वेळ कधी ३ मिलिसेकंद आणि कधी २०० अशी उड्या मारत असेल, तर कार्डाची वीज वाचवण्याची सवय आड येते आहे का ते तपासावे: ‘सुडो आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूएलपी२एस० सेट पॉवर_सेव्ह ऑफ’. लगेच पुन्हा पिंग द्यावेत. फरक पडला तर निदान पक्के. हा बदल तात्पुरता असतो. कायम करण्यासाठी उबुंटूमध्ये ‘/ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी’ (येथेही एन आणि एम मोठे) या फोल्डरमधील ‘डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन.कॉन्फ’ या फाइलमधला ३ हा आकडा २ करावा. पिंग सुधारले नाहीत, तर लगेच मूळ स्थितीवर यावे. बॅटरी उगीच कशाला जाळायची?

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर इमारतीतले सारे शेजारी एकमेकांच्या बोलण्यात बोलत असतात. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट’ दिल्यावर ‘चॅन’च्या स्तंभात कोण कोणत्या चॅनेलवर आहे ते दिसते. १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांवर न चढणारे आहेत. त्यांपैकी सर्वात कमी गर्दीचा राउटरवर निवडावा, आणि ‘मधला मार्ग’ म्हणून ३ किंवा ८ घेऊ नये, कारण त्याने दोन्हीकडची भांडणे अंगावर येतात. कार्डाला जमत असेल तर ५ गिगाहर्ट्झवर जावे. डाँगल यूएसबी ३ च्या हार्डडिस्कच्या शेजारच्या पोर्टमध्ये असेल तर तो छोट्या एक्स्टेंशन केबलने हातभर दूर न्यावा. यूएसबी ३ च्या कामातून होणारा रेडिओ गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पडतो.

काही पाने उघडतात, काही नाहीत

तिन्ही पिंग चालतात, शोधयंत्र उघडते, पण एखादी बँक किंवा सरकारी पान अर्धवट लटकते, असे झाल्यास पाकिटांच्या, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यांच्या, आकाराचा संशय घ्यावा. साधे इथरनेट पाकीट १५०० बाइटचे. पीपीपीओई त्यातले ८ बाइट स्वतःसाठी घेते आणि १४९२ उरतात. ‘पिंग -एम डू -एस १४६४ -सी ३ १.१.१.१’ द्यावे, ज्यात एम हे अक्षर मोठे. १४६४ मध्ये शीर्षांचे २८ बाइट मिळवले की १४९२ होतात. १४६४ जाते पण १४७२ अडते, एवढे तर पीपीपीओईच्या जोडणीवर अपेक्षितच आहे; १४६४ ही जात नसेल, तर आकडा दहा-दहाने उतरवत जो जातो त्यात २८ मिळवावेत आणि तो आकडा राउटरच्या वॅन सेटिंगमध्ये एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) म्हणून लिहावा. केवळ आपल्याच संगणकावर पडताळायचे असेल तर ‘सुडो आयपी लिंक सेट डेव्ह डब्ल्यूएलपी२एस० एमटीयू १४९२’ पुरते, आणि संगणक पुन्हा सुरू केला की ते निघून जाते.

प्रत्येक सुरक्षित पान प्रमाणपत्राची चूक दाखवत असेल, तर ‘टाइमडेटसीटीएल’ देऊन तारीख पाहावी. जुन्या संगणकात मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी संपली, की घड्याळ काही वर्षे मागे जाते आणि आजची प्रमाणपत्रे त्याला ‘अजून सुरू न झालेली’ वाटतात. एकाच ब्राउझरमध्ये अडचण असेल, तर ऑफिसचा प्रॉक्सी किंवा अर्धवट बंद झालेला व्हीपीएन मागे राहिला आहे का ते पाहावे.

इतके करूनही उलगडा झाला नाही आणि कोणाला विचारायचे ठरले, तर वितरणाचे नाव व आवृत्ती, ‘यूनेम -आर’ने मिळणारा कर्नलचा क्रमांक, ‘एलएसपीसीआय -एनएनके’मधील कार्डाच्या ओळी, ‘आयपी -बीआर ए’, ‘आयपी राउट’, तिन्ही पिंगांची उत्तरे आणि जर्नलमधील त्या मिनिटाच्या ओळी फोटो न काढता मजकूर म्हणून द्याव्यात. त्यातील मॅक पत्त्याचा उत्तरार्ध आणि वायफायचे नाव मात्र आधी खोडावे.